ओसाका तीन दिवसांत कसे पाहावे

ओसाकाला जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती बहुधा दहा-पंधरा ठिकाणांची यादी असते आणि तो ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेल्वेने उलटसुलट धावत पूर्ण करतो. त्याचा निम्मा दिवस भुयारी स्थानकांच्या जिन्यांवर जातो. प्रत्येक ठिकाणी ‘हे तर काँक्रीटचे आहे’ अशी निराशा वाट्याला येते, ती वेगळीच. हे दोन्ही टाळता येते. त्यासाठी स्थळांची यादी करण्याआधी शहराची जमीन आणि रेल्वेमार्ग समजून घ्यावेत, आणि जुने अवशेष पाहण्यापेक्षा पुन्हा पुन्हा उभे राहिलेले शहर पाहण्याची तयारी ठेवावी.

पहिली पायरी : नकाशावर उंचवटा शोधावा

ओसाकाचा बराचसा भाग सपाट आणि नदीच्या गाळाने बनलेला आहे. मात्र शहराच्या मध्यातून उत्तर-दक्षिण असा एक अरुंद उंचवटा गेलेला आहे, त्याला उएमाची पठार म्हणतात. प्राचीन काळी या उंचवट्याच्या पश्चिमेला समुद्र जवळ होता, त्यामुळे जुन्या वस्तीची महत्त्वाची ठिकाणे या पठारावर किंवा त्याच्या कडेला आहेत. उत्तरेच्या टोकाला किल्ला आहे आणि दक्षिणेकडे शितेन्नोजी हे बौद्ध मंदिर. मेट्रोचा जांभळ्या रंगाचा तानिमाची मार्ग या पठाराच्या कडेकडेनेच जातो, म्हणजे एका मार्गावर एक पूर्ण दिवस बसवता येतो. पठाराच्या पश्चिमेकडील सखल भागात, तांबड्या रंगाच्या मिदोसुजी मार्गावर, व्यापारी ओसाका आहे : उत्तरेला उमेदा, दक्षिणेला नाम्बा. स्थानिक लोक या दोन भागांना अनुक्रमे ‘किता’ (उत्तर) आणि ‘मिनामी’ (दक्षिण) म्हणतात. एवढे दोन मार्ग लक्षात राहिले, तर निम्मे नियोजन झाले असे समजावे.

दुसरी पायरी : विमानतळावरच कार्ड आणि दिशा निश्चित करावी

कान्साई आंतरराष्ट्रीय विमानतळ 1994 साली समुद्रात भराव घालून तयार केलेल्या बेटावर सुरू झाला. तेथून नाम्बाला जायचे असल्यास नानकाई कंपनीची गाडी आणि तेन्नोजी किंवा उमेदाकडे जायचे असल्यास जेआरची (जपान रेल्वेची) गाडी घ्यावी. मुक्काम कोठे आहे हे पाहूनच निवड करावी, कारण चुकीच्या कंपनीच्या गाडीत बसल्यास सामानासह स्थानक बदलण्याचा त्रास पडतो. विमानतळावर ‘इकोका’ हे पैसे भरून वापरायचे कार्ड घ्यावे. ते जेआर, मेट्रो, ट्राम आणि बहुतेक खासगी रेल्वेमार्गांवर चालते. या भागाच्या बोलीत ‘इकोका’ म्हणजे ‘जाऊ या का?’, कार्डाला असे नाव देणारे लोक गप्पिष्ट असणार हा अंदाज शहरात पोहोचल्यावर खरा ठरतो.

दोन गोंधळ आधीच दूर करून ठेवावेत. जेआरचे ‘ओसाका’ आणि मेट्रोचे ‘उमेदा’ ही स्थानके एकमेकांना लागूनच आहेत; मात्र शिनकानसेन या अतिवेगवान गाड्या तेथे थांबत नाहीत, त्या ‘शिन-ओसाका’ या वेगळ्या स्थानकावर थांबतात. आणि सरकत्या जिन्यावर येथे उजवीकडे उभे राहण्याची रीत आहे. तोक्योहून आलेला प्रवासी डावीकडे उभा राहतो आणि मागच्या रांगेचा खोळंबा करतो.

तिसरी पायरी : पहिला दिवस पठारावर घालवावा

सकाळी लवकर तानिमाची-योनचोमे स्थानकावर उतरून पश्चिमेच्या ओतेमोन दरवाजातून किल्ल्यात शिरावे. थेट मनोऱ्याकडे धावू नये, कारण या किल्ल्यातील खरोखर जुनी आणि थक्क करणारी गोष्ट म्हणजे त्याचे खंदक आणि दगडी तट. तोयोतोमी हिदेयोशी या जपानच्या तत्कालीन सत्ताधीशाने 1583 मध्ये येथे किल्ला बांधण्यास सुरुवात केली. 1615 च्या वेढ्यात त्याच्या वंशाचा पाडाव झाला, किल्ला जळाला, आणि विजेत्या तोकुगावांनी 1620 पासून जुन्या तटांवर माती टाकून नवे, अधिक उंच तट रचले. म्हणजे आज दिसणारे तट हिदेयोशीचे नसून त्याच्या शत्रूंचे आहेत. हिदेयोशीचा तट जमिनीखाली गाडलेला होता आणि त्याचा उत्खनन केलेला भाग 2025 पासून आवारातील स्वतंत्र दालनात पाहता येतो. साकुरामोन दरवाजातून आत जाताच समोर ‘ताको-इशी’, म्हणजे ऑक्टोपस-शिळा, दिसते. तिचा दर्शनी भाग सुमारे 59 चौरस मीटर असून वजन शंभर टनांहून अधिक मानले जाते. ही शिळा ओकायामाच्या सरदाराने आपल्या प्रदेशातील बेटावरून समुद्रमार्गे आणवली होती. पुणेकरांना ओकायामा हे नाव सिंहगड रस्त्यावरील मैत्री-उद्यानामुळे परिचित असेल.

मनोऱ्याची कथा निराळी आहे. तोकुगावांचा मनोरा 1665 मध्ये वीज पडून जळाला आणि त्यानंतर अडीच शतकांहून अधिक काळ किल्ला मनोऱ्याविना राहिला. सध्याचा, सुमारे 55 मीटर उंचीचा मनोरा 1931 साली नागरिकांनी जमवलेल्या देणग्यांतून उभा राहिला आणि तो पहिल्यापासून काँक्रीटचाच आहे. 14 ऑगस्ट 1945 रोजी, म्हणजे शरणागतीची घोषणा होण्याच्या आदल्या दिवशी, किल्ल्याच्या आवारातील शस्त्रनिर्माणशाळेवर मोठा बॉम्बहल्ला झाला. त्यातूनही मनोरा वाचला. त्यामुळे आत उद्वाहक आहे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. उद्वाहकाने आणि पुढे जिन्याने आठव्या मजल्यावरील सज्जात जावे, तेथून शहराची रचना डोळ्यांखालून घालावी आणि मग संग्रहालय पाहत एकेक मजला खाली यावे. मार्चच्या अखेरीस गेल्यास निशिनोमारू बागेतील चेरीच्या बहराखाली बसण्यासाठी तास-दीड तास राखून ठेवावा.

किल्ल्यावरून पुन्हा तानिमाची मार्गाने तिसऱ्या स्थानकावर उतरावे. स्थानकाचे नाव शितेन्नोजी-माए युहिगाओका असे लांबलचक आहे. त्यातील ‘युहिगाओका’ म्हणजे मावळत्या सूर्याची टेकडी. शितेन्नोजी हे मंदिर राजपुत्र शोतोकू याने 593 मध्ये स्थापिले असे मानले जाते. ‘शितेन्नो’ म्हणजे चार दिशांचे चार देवराज : धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष आणि वैश्रवण. ही नावे पाली आणि संस्कृत ग्रंथांतून चीनमार्गे येथवर आली; मराठी वाचकाला मंदिराच्या नावाचा अर्थ सांगण्यासाठी वाटाड्याची गरज नाही. दरवाजा, पाच मजली मनोरा, मुख्य मंदिर आणि प्रवचनगृह एका सरळ रेषेत असणे ही येथील रचनेची ओळख आहे. इमारती अनेकदा नष्ट झाल्या : 1934 च्या चक्रीवादळात मनोरा कोसळला, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जवळपास सर्व काही जळाले आणि 1963 मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा बांधणी झाली. बांधकामाचे साहित्य बदलले तरी आराखडा जुनाच ठेवला, हे पाहण्यासारखे आहे. शक्य असल्यास महिन्याच्या 21 किंवा 22 तारखेला यावे. त्या दिवशी आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. विषुवदिनांच्या सुमारास पश्चिमेच्या दगडी तोरणापलीकडे मावळणारा सूर्य पाहण्यासाठी भाविक जमतात.

मंदिरापासून पश्चिमेकडे उताराने चालत निघावे. वाटेत इश्शिन्जी हे मंदिर लागते. असंख्य मृतांच्या अस्थी एकत्र करून तेथे बुद्धमूर्ती घडवल्या जातात; पहिली मूर्ती 1887 ची. येथे शोक करण्यासाठी आलेले लोक असतात, त्यामुळे छायाचित्रे घेताना भान ठेवावे. उतार संपला की शिनसेकाई ही जुनी करमणुकीची वस्ती आणि तिच्या मध्यभागी त्सुतेनकाकू मनोरा लागतो. मूळ मनोरा 1912 चा. 1943 मध्ये लगतच्या आगीत त्याचे नुकसान झाले आणि त्याचे लोखंड युद्धकार्यासाठी देण्यात आले. सध्याचा मनोरा 1956 मध्ये परिसरातील दुकानदारांच्या पुढाकाराने उभारला गेला, आणि त्याचा रचनाकार नाइतो ताचू याचाच तोक्यो टॉवरही आहे. मनोऱ्याच्या माथ्यावरील दिवा दुसऱ्या दिवशीच्या हवामानाचा अंदाज रंगाने सांगतो : पांढरा म्हणजे निरभ्र, नारिंगी म्हणजे ढगाळ, निळा म्हणजे पाऊस. वर चढण्यासाठी पैसे खर्च करावेत की नाही, हा प्रश्न असेल तर माझे मत नकारार्थी आहे. हा मनोरा खालून पाहण्यातच गंमत आहे. उंचावरून पाहायचेच असेल, तर जवळच तेन्नोजी स्थानकासमोर 300 मीटर उंचीची आबेनो हारुकास ही इमारत आहे, आणि तिच्या सोळाव्या मजल्यावरील गच्चीवर तिकीट लागत नाही.

चौथी पायरी : दुसऱ्या दिवशी नदीकाठ आणि सायंकाळचे दिवे

दुसऱ्या दिवशी मिदोसुजी मार्गावरील योदोयाबाशी स्थानकावर उतरून नाकानोशिमा या नदीतील बेटावर फिरावे. येथील लाल विटांचे मध्यवर्ती सार्वजनिक सभागृह 1918 मध्ये पूर्ण झाले. शेअर दलाल इवामोतो एइनोसुके याने 1911 मध्ये त्यासाठी दहा लाख येनची देणगी दिली; पुढे बाजारात मोठा तोटा होऊनही ती परत मागण्यास त्याने नकार दिला आणि 1916 मध्ये, इमारत पूर्ण होण्यापूर्वीच, आपले जीवन संपवले. किल्ल्याचा मनोरा, शिनसेकाईचा मनोरा आणि हे सभागृह पाहिल्यावर हे शहर सम्राटाच्या किंवा सरकारच्या पैशांवर नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या आणि रहिवाशांच्या खिशातून उभे राहिले, हे स्पष्ट होते. त्या खिशाचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो : ओसाकाच्या कापडगिरण्यांना भारतीय कापूस लागे, आणि 1893 मध्ये जमशेटजी टाटा यांच्या सहभागाने मुंबई व कोबे यांच्यात जपानी जहाजांची नियमित फेरी सुरू झाली, ती प्रामुख्याने या कापसासाठी.

दुपारनंतर उमेदाला जावे. उमेदा स्काय बिल्डिंग ही 1993 ची, 173 मीटर उंचीची जुळी इमारत असून दोन्ही मनोरे माथ्यावर जोडलेले आहेत. तेथे पोहोचताना सरकता जिना दोन इमारतींमधील रिकाम्या जागेतून जातो. उंचीची भीती असणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावे. सूर्यास्ताच्या साधारण तासभर आधी वर पोहोचल्यास नदीचे पूल उजेडात आणि दिव्यांतही दिसतात.

अंधार पडल्यावर मिदोसुजी मार्गानेच नाम्बाला येऊन दोतोनबोरी कालव्यावर जावे. 1615 मध्ये पूर्ण झालेला हा कालवा, यासुई दोतोन या खोदकाम सुरू करणाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. एबिसू पुलावरून दिसणारी धावपटूची जाहिरात 1935 पासून वेगवेगळ्या रूपांत येथे आहे. सध्याची 2014 मधील आहे. गर्दी, आरडाओरडा आणि हलणारे अवाढव्य खेकडे यांचा कंटाळा आला की एका गल्लीत वळून होझेनजी या छोट्या मंदिरात जावे. तेथील फुदो म्योओ, म्हणजे अचल, या देवतेवर भाविक सतत पाणी घालत असल्याने मूर्ती हिरव्या शेवाळाने पूर्ण झाकली गेली आहे. तेथे आपणही एक पळी पाणी घालावे.

शाकाहारी वाचकांनी याच ठिकाणी सावध राहावे. ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपसचे तुकडे घातलेले गोळे; ओकोनोमियाकीवर सुकवलेल्या माशाचे काप भुरभुरतात; आणि साध्या नूडल्सचा रस्साही बहुधा माशाच्या ‘दाशी’चा (अर्काचा) असतो. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ (मांस व मासे खात नाही) हे वाक्य लिहून जवळ ठेवावे, आणि त्याच्याखाली ‘दाशीही नको’ असे जपानीत कुणाकडून तरी लिहून घ्यावे.

पाचवी पायरी : तिसऱ्या दिवसासाठी एकच दिशा निवडावी

तीन पर्याय आहेत आणि तिन्ही एका दिवसात बसत नाहीत. मुले सोबत असल्यास हिरव्या चुओ मार्गाने ओसाकाको येथे जाऊन काइयुकान मत्स्यालय पाहावे. तेथे वरच्या मजल्यापासून खाली उतरत व्हेल शार्कच्या टाकीभोवती फेरी घालता येते. मत्स्यालयाजवळच तेम्पोझान हा 4.53 मीटर उंचीचा ‘डोंगर’ आहे आणि तो सर करण्यास मिनिटभर पुरते. आधुनिक कलेची आवड असणाऱ्यांनी मोनोरेलने 1970 च्या जागतिक प्रदर्शनाच्या उद्यानात जाऊन ओकामोतो तारो याचा 70 मीटर उंचीचा ‘सूर्याचा मनोरा’ पाहावा. आतील भागासाठी आगाऊ आरक्षण करावे.

माझी पसंती मात्र दक्षिणेकडील तिसऱ्या पर्यायाला आहे. तेन्नोजीहून जुन्या ट्रामने सुमियोशी मंदिराला जावे. येथील दैवते समुद्रप्रवाशांची रक्षक. त्यांची चारही मंदिरे आजही पश्चिमेकडे, आता मैलोगणती दूर सरकलेल्या समुद्राकडे, तोंड करून आहेत. पुढे साकाई शहरात दाइसेन हे 486 मीटर लांबीचे, किल्लीच्या भोकासारख्या आकाराचे प्राचीन राजथडगे आहे. 2019 मध्ये त्याला व परिसरातील थडग्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जमिनीवरून ते केवळ झाडीने भरलेले टेकाड दिसते आणि आत प्रवेश नाही, म्हणून आधी साकाई-हिगाशी स्थानकाजवळील महापालिकेच्या इमारतीच्या 21 व्या मजल्यावर जावे. तेथून त्या टेकाडाचा विस्तार विनामूल्य पाहता येतो.

चौथा दिवस हाती असल्यास

नाम्बाहून नानकाईच्या कोया मार्गाने गोकुराकुबाशीपर्यंत आणि तेथून दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या गाडीने कोयासान पर्वतावर जाता येते. कूकाई या भिक्षूने 816 मध्ये येथे पीठ स्थापिले. ओकुनोइन स्मशानभूमीतील सुमारे दोन किलोमीटरच्या वाटेवर उंच देवदारांखाली दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत, आणि त्यांतील अनेक पाच थरांच्या दगडांवर ख, ह, र, व, अ ही पंचमहाभूतांची बीजाक्षरे सिद्धम लिपीत कोरलेली दिसतात. देवनागरी वाचणाऱ्याला ती थोड्या प्रयत्नाने ओळखता येतात. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा असून सप्टेंबर 2015 मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

वरच्या स्थानकापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर पायी जाण्यास मनाई आहे, म्हणून बसच घ्यावी. मुक्काम केल्यास मठातील जेवण संपूर्ण शाकाहारी असते. मात्र ते सायंकाळी लवकर वाढले जाते, त्यामुळे नाम्बाहून सकाळचीच गाडी पकडावी.