पद्मिनीचं इंजिन बदलताना आधी गिअरबॉक्स बघा

वडिलांची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या इंजिनाचं दोनदा बोरचं काम (झिजलेले सिलिंडर मोठे करून घासणं) होऊन गेलं होतं. निळा धूर, चढावर दम लागणं, सगळं यथासांग. सिलिंडरात नव्या नळ्या, म्हणजे स्लीव्ह, टाकायच्या की दुसरं इंजिन बसवायचं, यावर आमचा मेकॅनिक चहा ओतता ओतता म्हणाला, "काका, मारुती एस्टीमचं घाला, रॉकेट होईल." मी ऐकलं आणि स्वस्तात मिळालं म्हणून घेऊन आलो. ते इंजिन आज आमच्या जिन्याखाली आहे. त्यावर मनीप्लांटची कुंडी आहे आणि तो मात्र जोरात वाढतोय.

झालं असं, की एस्टीमची ताकद पुढच्या चाकांना. इंजिन आडवं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात. पद्मिनीत इंजिन लांबीत उभं, मागे गिअरबॉक्स, मग मागे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा. 30 वर्षं सातपूरच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला हे खरेदीआधी सुचायला हवं होतं. तेव्हापासून मला कुणी "कुठलं इंजिन घालू?" विचारलं की मी उलट विचारतो, गिअरबॉक्स कुठला घालणार?

लांबीत बसणारा गिअरबॉक्स आपल्याकडे मोजक्याच गाड्यांतून मिळतो. प्रीमियरचीच 118एनई घ्या. तिच्यात निसानचं ए12, 1171 सीसीचं इंजिन. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, टायमिंग चेन. कॉम्प्युटर नावालाही नाही. जुन्या हाताच्या मेकॅनिकला डोळे मिटून समजतं. पद्मिनीच्या स्वभावाला सगळ्यात जवळचं हेच, पण चांगल्या स्थितीतलं शोधताना चपला झिजतात. ओम्नीचं 796 सीसीचं तीन सिलिंडर सोडून द्या. पद्मिनीच्या मूळ 1089 सीसीपेक्षा जोर वाढणारच नसेल तर एवढी खटपट कशाला?

मारुतीच्या ईको आणि तिच्याआधीची व्हर्सा या व्हॅनची इंजिनं चांगली, पार्ट गल्लोगल्ली. पण ती सीटखाली बसायला घडवलेली, तिरकी झुकलेली. मूळ गाडीत ज्या कोनात होती त्याच कोनात बसवावी लागतात. "जरा सरळ केलं तर काय होतंय" म्हणून फाउंडेशन (इंजिन टेकतं ते ब्रॅकेट) बदललं की चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या तबकातलं, ऑइल एका बाजूला आणि पंपाची चाळणी दुसऱ्या बाजूला.

मी शेवटी मारुतीच्या जिप्सी किंगवर आलो. 1298 सीसी, अॅल्युमिनियमचा ब्लॉक, एमपीएफआयवाली (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणारी) 80 हॉर्सपॉवर देते. खरी गंमत तिच्या गिअरबॉक्सची आहे. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा खोका) गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. मधे एक छोटा शाफ्ट असतो. तो केस काढून टाकला की उरतो साधा, लांबीतला पाच गिअरचा बॉक्स, आणि त्याला थेट मागचा प्रोपेलर शाफ्ट जोडता येतो. शाफ्ट लेथवर कापून, जोडून बॅलन्स करून घ्यावा लागतो, तेवढंच.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतले, एकमेकांना बोल्ट असलेलेच घ्या. वेगवेगळ्या गाड्यांचे जोडायला मधे अॅडाप्टर प्लेट करून देणारे भेटतील. मला ती करता येते, तरी केली नाही. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य यांत डायल गेजचा काटा 0.1 मिलिमीटरच्या वर हलला, तर क्लच आणि पुढचं बेअरिंग काही महिन्यांत हिशेब मागतात. ड्रिल मशीनवर अंदाजाने भोकं पाडलेली प्लेट मी पाहिली आहे. मालक तिला मिठी मारून रडायचा बाकी होता.

आता मापं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, इंजिन-गिअरबॉक्सचं बाजूने आणि वरून असं पुठ्ठ्याचं सोंग करा आणि बॉनेटखाली धरून बघा. चेंबरचा खोल भाग क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) पुढे येतो की मागे? सायलेन्सरचा मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याला भिडतो का? आणि गिअरचा दांडा कुठे वर येतो? पद्मिनीला बहुतेक हँडगिअर, म्हणजे स्टिअरिंगजवळचा दांडा, आणि पुढे सलग बाकडा. आमच्या पुठ्ठ्याचा दांडा बरोब्बर बाकड्याच्या कडेवर आला. सीट चार बोटं मागे सरकवली, तेव्हा जमलं. पत्रा कापण्याआधी हे कळलं म्हणून बरं.

वजनाचं लोक फार अंदाजे बोलतात. आपल्या नाशकात जीपची जुनी डिझेल इंजिनं सहज मिळतात, त्यामुळे प्यूजोचं 2112 सीसी घाला म्हणणारे पुष्कळ. पद्मिनी सगळी मिळून 900 किलोच्या आसपास. तिच्या नाकावर तो लोखंडाचा गोळा ठेवला तर स्टिअरिंग फिरवायला दंड बैठका काढाव्या लागतील. मी पंचवटी मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरमागे रांग लावली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. पुढे 460, एकूण 890. काटेवाल्याने विचारलं, "माल कुठंय?" नवं इंजिन बसल्यावर पुढचा आकडा वाढता कामा नये, ही माझी अट. अॅल्युमिनियममुळे ती सहज पाळली गेली.

मग मागचं हौसिंग. त्याचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ठाऊक नसेल तर गाडी न्यूट्रलला घ्या, एक मागचं चाक जमिनीवर ठेवून पुढची चाकं अडवा आणि दुसरं मागचं चाक जॅकवर उचला. शाफ्टवर आणि टायरवर खडूने रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे फिरेल तोच रेशो. समजा 4.3 आला आणि टायरचा घेर 1.9 मीटर आहे. ताशी 80ला चाक मिनिटाला सुमारे 700 फेरे घेतं, म्हणजे चौथ्या थेट गिअरला (इंजिनाचा एक फेरा, शाफ्टचा एक) इंजिन 3000 फेऱ्यांवर. जिप्सीचा पाचवा साधारण 0.8, तिथे 2400. मुंबई-आग्रा रोडवर कानाला फरक कळतो.

जोर मात्र जवळपास दुप्पट होतो आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. इगतपुरीहून कसारा घाट उतरताना ब्रेक तापून पेडल मऊ पडणं काय असतं ते एकदा अनुभवलंय, पुन्हा नको. लायनर, सिलिंडर किट, होस हे सगळं इंजिनाच्या आधी नवं करा. रेडिएटरही. एप्रिलचं ऊन 40 ओलांडतं, तेव्हा जुना कोअर लाज काढतो.

खरेदी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून करा की इथल्या भंगारातून, गेज बरोबर न्या. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, चारही सिलिंडरांचं घ्या. 150 पौंडाच्या खाली किंवा आपसांत 20चा फरक असेल तर उठून या. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. एमपीएफआय घेताय तर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळी वायरिंग, सेन्सर आणि टाकीतला इलेक्ट्रिक पंप त्याच गाडीचा मागा. वायरिंग कापून दिली तर स्वस्त दिली असं समजू नका. टायमिंग बेल्ट न विचारता बदला. आणि बिल, त्या गाडीच्या आरसीची प्रत, इंजिन नंबर यांशिवाय पैसे काढू नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर इंजिन जाईलच, चौकीच्या चकरा वेगळ्या.

कागदाचं मी शेवटी सांगतोय, कारण मी केलंही शेवटी. तुम्ही सगळ्यात आधी करा. मोटार वाहन कायदा 1988चं कलम 52 म्हणतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला होकार मिळेलच असं धरून चालू नका. पेठ रोडच्या आरटीओत लेखी अर्ज, लेखी उत्तर, मग पाना हातात. गाडी 50 वर्षांच्या पुढची असेल तर आणखी एक विचार करा: 2021च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपात लागते, इंजिन बदललं की तो दरवाजा बंद.

माझा अर्ज आत आहे. मूळ 1089 ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून भावाच्या मळ्यातल्या पंपघरात ठेवलंय, नकार आला तर परत चढवायला. तोवर पद्मिनी दिंडोरीकडच्या त्या मळ्यात, द्राक्षांच्या दोन ओळींमधल्या खासगी रस्त्यावर तिसऱ्या गिअरपर्यंत जाते आणि विहिरीपाशी वळून परत येते.