कुळागरात राहता? म्हातारपणाची तयारी अशी करा

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणातल्या आडवळणाच्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, सौर पॅनेल आणि झऱ्याच्या पाण्यावर राहणारे पुष्कळजण आता साठी ओलांडताहेत. मुले परदेशी, शेजार लांब. अशा घराची तयारी हातपाय चालताहेत तोवरच करायची असते, आणि सुरुवात कागदांपासून नव्हे, वाटेपासून करावी.

१. आषाढात ओहोळ भरला की १०८ची गाडी कुठपर्यंत येते, ते चालत जाऊन पाहा. तिथवर तुम्हाला खुर्चीवरून उचलून न्यायला चार माणसे लागतील. ती कोण, हे वाड्यावर, म्हणजे जवळच्या वस्तीत, आजच विचारा. मोबाइलला रेंज कुठे मिळते आणि वाळपईच्या किंवा बांबोळीच्या इस्पितळात सोबत कोण येणार, हेही त्यांना ठाऊक हवे.

२. विजेचा हिशेब प्रामाणिकपणे मांडा. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारे यंत्र, साधारण ३५० वॅट घेतो, म्हणजे दहा तासांच्या रात्रीला साडेतीन युनिट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या भरलेल्या बॅटरीत दोन युनिटही नसतात, आणि पावसात पॅनेल आधीच अर्धपोटी. ऑक्सिजन लागू लागला तर कुणाकडे जाऊन राहायचे, ते आत्ताच ठरवा. माझ्या मते हा निर्णय सगळ्यांत अवघड, म्हणूनच तो शेवटपर्यंत टाळला जातो.

३. लिव्हिंग विल करा, म्हणजे स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे लिव्हिंग विल करून पायंडा पाडला. मजकूर मोघम नको. ‘बरे होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर लावू नये, दुखणे कमी करणारी औषधे मात्र द्यावीत’ असे स्वच्छ लिहा. तुमची शुद्ध हरपल्यावर निर्णय घेणारी एकाहून अधिक नावे देता येतात. त्यांतले एक तरी तासाभरात पोहोचू शकणाऱ्याचे असू द्या. लिस्बनमधल्या मुलाला मध्यरात्री फोन लागेलच असे नाही.

४. मृत्युपत्राचा गोव्याचा कायदा वेगळा आहे. लग्नानंतर मालमत्ता सामाईक असेल तर निम्मी जोडीदाराची. उरलेल्या निम्म्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव. म्हणजे सगळे कुळागर पुतण्याच्या नावे करतो म्हटले तर ते टिकणार नाही. मृत्युपत्र उपनिबंधक कार्यालयातल्या विशेष नोटरीसमोर करा. महाराष्ट्रातून येऊन स्थायिक झालेल्यांनी आपल्याला कोणता कायदा लागू होतो, हे आधी वकिलाकडून समजून घ्यावे.

५. घरी मृत्यू आला तर २१ दिवसांत नोंद करावी लागते आणि मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहून द्यावे लागते. तुमचा आजार ओळखणारा जवळचा डॉक्टर त्यासाठीच जोडून ठेवा. पावसाळ्यात सरण कोरडे मिळेल अशी सोय आणि स्मशानाची वाटही वाड्यावरच्यांशी बोलून घ्या.

सगळ्या कागदांच्या प्रती प्लास्टिकच्या फाइलीत घालून दारामागच्या खुंटीला अडकवा. एक संच डॉक्टरकडे, एक वाड्यावर.