वळवाच्या पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ: हुमणी, प्रकाशसापळा आणि सरकारी मदत

वळवाची एक दणकट सर येऊन जाते, रान भिजतं आणि त्याच संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबाभोवती घोंघों सुरू होते. ते हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे. ऊस त्या वेळी हिरवागार असतो, म्हणून तिकडं कोणी बघत नाही. पुढं गणपतीच्या सुमारास ऊस पट्ट्यापट्ट्यानं पिवळा पडतो, बेट हातानं ओढलं की अलगद वर येतं, आणि मग सगळी पळापळ औषधाच्या दुकानाकडं. एका वर्षी आमच्या रानातही असंच झालं. सरीसरीतून औषध ओतलं, पैसे गेले, ऊस गेला तो गेलाच. तेव्हापासून पहिल्या पावसानंतर मी संध्याकाळी बॅटरी घेऊन बांधावर जातो.

हुमणीची वर्षात एकच पिढी होते, आणि तिथंच आपल्याला संधी आहे. एक मादी जमिनीत पन्नास-साठ अंडी घालते. जूनमध्ये ती मारली तर ऑगस्टमधल्या तेवढ्या अळ्या जन्मालाच येत नाहीत. वर आलेला भुंगेरा उघड्यावर असतो, काठीनं झाड हलवलं तरी खाली पडतो. अळी मात्र मुळाशी खोल बसते, तिथपर्यंत औषध पोहोचवणं अवघड आणि महाग.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. माळरानाकडच्या हुमणीचे भुंगेरे अंधार पडताच कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात. पंचगंगा, वारणा, कृष्णाकाठच्या मळीच्या रानात जी हुमणी जास्त सापडते, तिचे भुंगेरे झाडांकडं फारसे फिरकत नाहीत. म्हणून शिरोळ-करवीरच्या नदीकाठी ‘झाडावर काही दिसत नाही’ म्हणून निवांत राहू नका. तिथं पाऊस पडल्यावर दिवस मावळताना रानातच उभं राहून बघावं लागतं. झाडावरच्या भुंगेऱ्यांसाठी मर्यादा अशी: एका झाडावर सरासरी २० किंवा जास्त भुंगेरे दिसले तर लगेच कामाला लागायचं.

काम म्हणजे काय? झाड हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे आणि प्रकाशसापळे लावायचे. तीन काठ्यांना बल्ब टांगून खाली पसरट घमेल्यात रॉकेलमिश्रित पाणी ठेवलं तरी सापळा होतो. रानातली लाईट पाळीवर असते, म्हणून सोलर सापळा मिळाला तर उत्तम. सापळा संध्याकाळी सात ते नऊ एवढाच चालवा. रात्रभर जळता ठेवला तर मित्रकीटकही त्यात मरतात.

पण हे एकट्यानं करून भागत नाही. माझ्या बांधावरचे भुंगेरे मी वेचले आणि शेजारच्यानं सोडले, तर अंडी माझ्याच सरीत पडणार. सरकारी मदतीची रचनाही गटासाठीच आहे. केंद्रानं १९८५ साली एकात्मिक कीड व्यवस्थापन हे पीक संरक्षणाचं मुख्य धोरण ठरवलं. गावपातळीवर ते दिसतं शेतीशाळेच्या रूपानं: साधारण पंचवीस शेतकरी, एक शेत, आणि हंगामभर ठरावीक दिवशी कीड मोजत, मित्रकीटक ओळखत शिकायचं. गटाची यादी करून तालुका कृषी अधिकारी कार्यालयात शेतीशाळेची मागणी आत्ताच लेखी द्या. पेरणी झाल्यावर दिलेल्या अर्जाचा त्या हंगामाला उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट क्रॉपसॅपची. २००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांनी कहर केला, त्यानंतर २००९ पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षणाचं हे काम सुरू झालं. निरीक्षणं घेतात, मर्यादा ओलांडली की सल्ला निघतो. तुमच्या रानात भुंगेरे दिसले तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) त्याच दिवशी कळवा, फोटो पाठवा. नोंद झाली की गावाच्या मागणीला वजन येतं. फोनवरून विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

फवारणी पंपासारख्या अवजारांच्या अनुदानासाठी अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर करायचा. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका, अनुदान हातचं जाईल. पक्कं बिल जपून ठेवा. बरेच साखर कारखानेही सभासदांना जैविक औषधं सवलतीत देतात, गट कार्यालयात जाऊन विचारा.

जैविकात हुमणीसाठी मेटारायझियम ही बुरशी. हेक्टरी २० किलो, म्हणजे एकरी ८ किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून जून-जुलैत ओल असताना सरीत मुळाजवळ द्यायची आणि मातीआड करायची. ही जिवंत बुरशी आहे: पिशवी उन्हात ठेवली, जुनी घेतली किंवा सोबत बुरशीनाशक दिलं, तर पैसे मातीत गेले. पाकिटावरची तारीख बघूनच घ्या. आणि फोरेट, ज्याला आपण थिमेट म्हणायचो, त्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. जुना साठा कोणी देऊ केला तरी घेऊ नका. ते विष अंगावर घेऊन सरीत चालणारी माणसं आपलीच असतात.

राधानगरी, गगनबावडा, आजऱ्याच्या भातवाल्यांनी लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करावेत, खोडकिडीची अंडी त्यांवरच असतात. सोयाबीनमध्ये पानं खाणाऱ्या अळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, पतंग मोजा, मगच फवारणीचा निर्णय घ्या.

ऑगस्टमध्ये एकदा उसाच्या चार-पाच ठिकाणी मुळाशी उकरून बघा. घनमीटर मातीत एक अळी सापडली तरी ती धोक्याची पातळी. त्या दिवशीच सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा तळसंदे, कणेरी यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला अळी डबीत घालून नेऊन दाखवा.