डीप प्लेन फेसलिफ्ट करून घेताय? या चुका टाळा

“तंबाखू, सिगारेट काही?” असं विचारलं की बायका ठामपणे नाही म्हणतात. त्या खोटं बोलत नसतात, मिश्री म्हणजे तंबाखू हे त्यांच्या मनातच येत नाही. प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात ड्रेसिंग करता करता मी हे इतक्यांदा पाहिलंय, की आता सरळ विचारते, “सकाळी दात कशाने घासता?”

साठीच्या एक काकू होत्या. डीप प्लेन फेसलिफ्टचं, म्हणजे सैल पडलेला चेहरा वर उचलायचं ऑपरेशन झकास झालं होतं. पाचव्या दिवशी कानामागची पट्टी सोडली, तर रुपयाएवढी कातडी काळी पडलेली. सून हळूच म्हणाली, “आईंची मिश्री दिवसातून तीनदा असते.” डबी उशीखालीच निघाली. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, आणि उचललेल्या कातडीचं कानामागचं टोक रक्तपुरवठ्यापासून सगळ्यात लांब असतं. दोन महिने ड्रेसिंग चाललं, व्रण रुंद राहिला तो राहिलाच. काकू दर वेळी माझा हात धरून रडायच्या. तेव्हा मिश्री, गुटखा, सिगारेट, व्हेप, निकोटीनचं च्युइंगगमसुद्धा आधी किमान ४ आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस बंद. मी तर ६ आठवडे सांगते. “एवढीशी तर घेते” हे मी ऐकून घेत नाही.

दुसरी चूक लग्नाच्या तारखेची. मुलाचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय आणि आता चेहरा करायचाय! नुसती कातडी ओढायच्या जुन्या पद्धतीपेक्षा डीप प्लेनचं काम वेगळं आहे. सॅम हॅम्रा या अमेरिकन सर्जननी १९९० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत कातडीखालचा स्नायूंवरचा पडदा कातडीसकट उचलतात आणि त्याला हाडाशी धरून ठेवणारे बंध सोडवतात. ताण त्या पडद्यावर येतो, म्हणून चेहरा ताणलेला दिसत नाही. पण काम खोलवरचं असल्याने सूजही खोलवर बसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात जास्त असते, आणि एक गाल दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त सुजलेला दिसला तर घाबरायचं कारण नसतं. बरेचसे टाके आठवड्याभरात निघतात. चारचौघांत जायला दोन-तीन आठवडे लागतात, बारीक सूज आणि कानाजवळचा बधिरपणा काही महिने राहतो, व्रणाची लाली वर्षभरही टिकू शकते. लग्न असेल तर ३ महिने हातात ठेवा. ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी लग्न होऊन जाऊ द्यावं.

धाग्यांचं लिफ्ट (कातडीखाली धागे घालून चेहरा ओढायचा) म्हणजे हेच, फक्त स्वस्तात, असं कुणी सांगत असेल तर तिथून उठून या. ऑपरेशन कुणाकडे करायचं ते ठरवताना एम.सीएच. किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) प्लास्टिक सर्जरी ही पदवी बघा.

रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंदही करू नका आणि लपवूनही घेऊ नका. लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्याही सर्जनना सांगा, कारण “त्या तर नैसर्गिक” म्हणून सगळे गाळतात. टाक्यांवर हळद नको. बधिर गालावर गरम पिशवी नको आणि बर्फही नको, भाजलेलं कळत नाही. केसांचा रंग सर्जन सांगतील तेव्हाच.

हसताना ओठाची एक बाजू किंचित मागे राहिली तर त्याच दिवशी दाखवा. चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या त्या पडद्याच्या अगदी खालून जातात. बहुतेकदा हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतं, पण सर्जनना ते माहीत हवं.

पहिल्या २४ तासांत मात्र एकाच बाजूला ठणका वाढला, गाल टणक होऊन फुगायला लागला, तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते. बीपी असलेल्यांत आणि पुरुषांत हे जास्त होतं. अशा वेळी वेदनाशामक घेऊन पडून राहू नका. डॉक्टरांची झोप मोडेल म्हणून सकाळपर्यंत थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन लावा, आणि तो नंबर घरी जायच्या आधीच शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.