उन्हाळ्याच्या संशोधनाचा अर्ज दिवाळीत भरा

दरवर्षी एप्रिलमध्ये, प्रॅक्टिकल संपत आली की कुणीतरी स्टाफरूमशी येऊन विचारतं, "मॅडम, सुट्टीत कुठे रिसर्च करता येईल का?" मला फार वाईट वाटतं. तोवर मोठ्या ठिकाणच्या बहुतेक मुदती उलटून गेलेल्या असतात. इंदूरच्या मुलांत हुशारीची कमी नाही, त्यांना वेळेवर सांगणारं कुणी नसतं.

म्हणून घरात चकल्या तळल्या जातात त्याच दिवसांत अर्जाला बसा. बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तिन्ही संस्था मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, दरमहा फेलोशिप आणि रेल्वेचं भाडं. घरची परिस्थिती बेताची असेल तर पहिला अर्ज इथेच करा. बंगळूरचं जेएनसीएएसआर (जवाहरलाल नेहरू सेंटर) आणि मुंबईची टीआयएफआर (टाटा इन्स्टिट्यूट) या संशोधन संस्थांचे कार्यक्रम वेगळे, त्यांच्या सूचना त्यांच्याच वेबसाइटवर बघत राहा.

अर्जात खरी कसोटी लागते ती "तुम्हाला काय करायचंय" या परिच्छेदात. माझ्या एका विद्यार्थिनीनं आधी लिहिलं होतं, "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे." मी तिला विचारलं, गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलला काय अडलं? काचेवर भिंग ठेवून प्रकाश टाकला की उजळ-काळी वर्तुळं दिसतात, त्या न्यूटनच्या रिंगा. त्यांचा मधला ठिपका काळा यायला हवा, तिला तो उजळ दिसत होता. भिंग आणि काच पुसून पुन्हा ठेवल्यावर तो काळा झाला. मध्ये धुळीचा कण अडकला होता, त्यानं भिंग आणि काचेमधली फट वाढली होती. तेवढंच लिही म्हटलं, आणि पुढे प्रकाशाच्या व्यतिकरणावर (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उजेड-अंधाराच्या रिंगा होतात त्यावर) काम का करायचंय ते जोड. तिची निवड झाली.

शिफारसपत्रासाठी ज्यांनी तुम्हाला लॅबमध्ये पाहिलंय त्यांच्याकडेच जा, आणि निदान पंधरा दिवस आधी. पत्र भरायची लिंक सरांना ईमेलनं येते, त्यांना स्पॅमसुद्धा बघायला सांगा. एका वर्षी माझ्याकडे ती तिथेच पडून राहिली आणि एका चांगल्या मुलाचा अर्ज अर्धवट राहिला. ते अजून सलतं.

बाहेरगावी जाणं जमत नसेल तर आपल्याकडे काय कमी आहे? खंडवा रोडवर युनिव्हर्सिटीच्या आवारात यूजीसी-डीएई सीएसआर हे संशोधन केंद्र आहे, पुढे सिमरोलला आयआयटी. आरआरकॅट या अणुऊर्जा विभागाच्या संशोधन केंद्रात २.५ जीईव्ही ऊर्जेचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं फिरवून तीव्र प्रकाश मिळवणारं यंत्र. या तिन्ही ठिकाणच्या प्राध्यापकांना आणि शास्त्रज्ञांना थेट ईमेल करा. एकच मजकूर पन्नास जणांना नको. त्यांचा एक पेपर वाचा, न कळलेली एक जागा विचारा, मग मे-जूनचे किती आठवडे देऊ शकता ते लिहा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी नम्रपणे आठवण करा. एवढ्यानं कुणी रागावत नाही.

आणि परीक्षा पुढे सरकली तर घाबरून नकार कळवू नका. नवीन टाइमटेबल जोडून त्याच दिवशी मार्गदर्शकांना लिहा, रुजू व्हायची तारीख बदलून मागा. त्या रिंगांवाल्या मुलीनं असंच केलं आणि ती बारा दिवस उशिरा रुजू झाली.