पत्र्यावरचा गंज: पुट्टी लावण्याआधीचं खरं काम

मराठवाड्याची हवा कोरडी, म्हणून इकडे गाडी गंजत नाही, असं समजू नका. कोकणात खारी हवा पत्रा खाते, इकडे ते काम काळी माती करते. पावसाळ्यात शेतरस्त्याने फिरलेल्या गाडीच्या मडगार्डच्या आतल्या कडेला चिखल थापून बसतो. वरून तो वाळलेला दिसतो, पण आत कित्येक दिवस ओल धरून ठेवतो. मागच्या चाकावरची कड, दाराची खालची दुमड, डिकीवर नंबरप्लेटमागची जागा, इथे गंज आधी धरतो. बोनेटच्या पुढच्या भागावरचे ठिपके मात्र दगडांचे असतात. खडीच्या हायवामागे किंवा उसाच्या ट्रॉलीमागे गाडी चिकटवली की ते मिळतात.

आधी गंज किती खोल गेलाय ते बघा. रंगाला आलेल्या फोडाच्या आकारावर जाऊ नका, रंगाखाली गंज दिसतो त्यापेक्षा बराच पसरलेला असतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक फोडाच्या मधोमध दाबा. टणक लागलं तर काम घरी होण्यासारखं आहे. भसकन आत गेलं तर तिथे पत्रा उरलेलाच नाही.

काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा ठिपका असेल तर फार पसारा नको. ब्लेडच्या टोकाने खरवडा, टूथपिकने रस्ट कन्व्हर्टरचा (गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं द्रावण) थेंब ठेवा. बाटलीवर लिहिलेला वेळ झाला की पुसा, वाळू द्या. मग प्रायमरचा (रंगाआधीचं अस्तर) एक थेंब आणि टच-अप रंगाचे तीन-चार पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. एकाच जाड थेंबात खड्डा भरायला गेलात तर वरून साय धरते आणि आत रंग ओला राहतो.

फोड आलेल्या जागेला पूर्ण काम लागतं. भोवतीच्या पत्र्याला मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र लावा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर मोठा तितका कागद बारीक) गंज काढा, फोडाच्या चारी बाजूंनी शाबूत, घट्ट रंग लागेपर्यंत मागे सरका. त्या रंगाची कड १८० आणि मग ३२० ने उतरती करा, बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. ग्राइंडर वापरायचा तर टेकवला-उचलला असा. बॉडीचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो, एकाच जागी तापला की वाकतो.

तारेचा कप ब्रश मारला की पत्रा चकचकीत होतो आणि काम झालं असं वाटतं. फसू नका. टॉर्च पत्र्यालगत तिरका धरून बघा, बारीक काळे खड्डे दिसतील. तो गंजच आहे, ब्रशने त्याला नुसतं पॉलिश केलंय. तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर ब्रशने चोळून लावा. बाटलीवर सांगितलं असेल तेवढा वेळ ओलं ठेवा, धुवायला सांगितलं असेल तर धुऊन लगेच कोरडं करा. हातमोजे आणि चष्मा घालाच.

आता क्रम. पुष्कळ गॅरेजांत उघड्या, अर्धवट घासलेल्या पत्र्यावर थेट पुट्टी (खड्डे भरायचा लगदा) मारतात आणि ती पाणी लावून वॉटर पेपरने घासतात. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते. ते पाणी खाली पत्र्यापर्यंत जातं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी फोड परत येतो. म्हणून पत्र्यावर आधी टू-पॅक (दोन भाग मिसळून वापरायच्या) इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. तो वाळल्यावर हलका घासा, मग पुट्टी लावा आणि ती कोरडीच घासा. १०० ग्रॅम पुट्टीला साधारण २ ग्रॅम हार्डनर (पुट्टी घट्ट करणारी पेस्ट) पुरतो. जास्त घातला तर पुढे रंगावर डाग उमटतो, कमी पडला तर पुट्टी मऊ राहते. उन्हाळ्यात ती काही मिनिटांत आवळते, तेव्हा लिंबाएवढीच कालवा. घासून झाली की पुन्हा प्रायमर, आणि तो ६०० ने घासा.

रंग नुसत्या नावाने घेऊ नका, ‘पांढरा’ म्हटलं तर दुकानदार दहा पांढरे काढेल. कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, बोनेटखाली किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर. बेस कोटचे, म्हणजे मूळ रंगाचे, दोन-तीन पातळ हात, मधे दहा-एक मिनिटं, मग क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर. क्लिअर शक्यतो अख्ख्या पॅनलवर मारा, मधेच थांबवला तर कड पुढे उठून दिसते. मेटॅलिक रंगाचा ठिगळ घरी जुळत नाही, ते काम सरळ पेंटरला द्या. टू-पॅक क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, केमिकल कार्ट्रिजचा मास्क लागतो.

हे सगळं मे महिन्यात करू नका. तापलेल्या पत्र्यावर थिनर लगेच उडतो आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. पावसाळी दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दव पुरतं उडाल्यावर, वारा सुटायच्या आत आणि सावलीत, ही वेळ चांगली.

भोक पडलं असेल तर जाळी आणि पुट्टीचा जुगाड फार तर गाडी विकेपर्यंत टिकतो (आणि घेणारा शहाणा असेल तर कापडात गुंडाळलेलं चुंबक लावून पकडतो). सडलेला भाग कापून नवा पत्रा मिग वेल्डिंगने (विजेवर, सरकत्या तारेने होणारं) लावून घ्या, गॅस वेल्डिंगने पत्रा जास्त तापून वाकतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा. दाराखालचा सिल, चेसिस किंवा शॉकॲब्सॉर्बर बसतो ती जागा गंजली असेल तर घरी हात लावू नका, तिथे गाडीचा भार असतो.

काम झाल्यावर दुमडीत आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण) मारा. जळकं ऑइल मारायची जुनी सवय सोडा, त्याने सस्पेन्शनचे रबर बुश फुगतात. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती तारेने मोकळी ठेवा, अंडरबॉडी कोटिंग करणाऱ्यालाही ती बुजवू देऊ नका. आणि पोळ्याच्या सुमाराला एकदा चाकं उतरवून मडगार्डच्या आतला चिखल पाइपाच्या धारेने काढा. नुसती बाहेरून धुतलेली गाडी तिथे ओलीच असते.