रोपं आणण्याआधी: परसबागेच्या तयारीची यादी

बाग करायची ठरली की पाय आधी रोपवाटिकेकडे वळतात. या यादीत मात्र रोपवाटिका बरीच खाली आहे. कमी पाण्यावर, विकतच्या खता-औषधांवाचून वर्षानुवर्षं टिकणारं अंगण हवं असेल, तर निम्मं काम एकही रोप न लावता उरकावं लागतं. जागा बघायची, माती ओळखायची आणि पाण्याची वाट ठरवायची.

पहिली वस्तू वही. तिच्यात घराचा आणि मोकळ्या जागेचा ओबडधोबड नकाशा काढा. कुंपण, आहेत ती झाडं, नळ, पन्हळीचं तोंड आणि जमिनीखालून गेलेल्या पाण्याच्या, सांडपाण्याच्या, विजेच्या लाइनी त्यात दाखवा. लाइनी नक्की कुठून गेल्यात हे कुदळ मारण्याआधी कळलेलं बरं. मग एखाद्या निरभ्र दिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावली कुठे पडते ते पेन्सिलीने टिपा. सहा तासांपेक्षा जास्त थेट ऊन मिळतं ती जागा भर उन्हाची समजतात. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो, सावल्या लांबतात, म्हणून ही नोंद एकाच ऋतूत करून थांबू नका.

आणि जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन बाहेर पडा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, माती कुठून वाहून नेतं हे कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या अर्ध्या तासात जास्त कळतं.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटरची एक सर आली तर १००० लिटर. थोडं उडतं, थोडं छपरातच मुरतं, तरी बहुतेक सगळं पन्हळीतून खाली येतं. साध्या पिंपाने हे पाणी आटोपणार नाही, हे आकड्यावरूनच दिसतं. म्हणून पिंप किंवा टाकी ठेवाच, पण ती भरून वाहिली की जादा पाणी कुठे जाणार हेही आताच ठरवा. घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब, उताराच्या दिशेला १५ ते २० सेंटिमीटर खोल पसरट खळगा केला आणि त्यात ओल सोसणारी झाडं लावली, तर पाणी तिथेच मुरतं. एक-दोन दिवसांत तो कोरडा व्हायला हवा. आठवडाभर पाणी साचून राहिलं तर डासांची पैदास होते. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी लावायची तीही याच कारणासाठी.

खळगा करण्याआधी निचरा तपासा. ३० सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या. मग पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजा. अडीच सेंटिमीटर किंवा थोडी जास्त उतरली तर ठीक. एक सेंटिमीटरही उतरली नाही, तर त्या जागी खळगा नको.

माती ओळखायला काचेची बरणी पुरते. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. खूप हलवून ठेवून द्या. मिनिटाभरात वाळू बसते, दोन-एक तासांत गाळ, आणि चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतात. थरांची जाडी मोजली की आपली माती कुठल्या जातीची ते समजतं. प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर आठ-दहा जागांची, वरच्या १५ सेंटिमीटर थरातली माती एकत्र करून द्या. सामू, म्हणजे मातीचा आम्ल-अल्कपणा (pH), सहा ते सातच्या दरम्यान निघाला तर बहुतेक झाडांना चालतो. फार वेगळा निघाला, तर माती बदलत बसण्यापेक्षा त्या सामूत खुशीने वाढणारी झाडं निवडणं शहाणपणाचं. चिकणमातीत वाळू मिसळायचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. थोडीशी वाळू पडली की ती माती वाळल्यावर विटेसारखी होते. तिला भुसभुशीत करतं ते कंपोस्ट.

कंपोस्टचा ढीग म्हणूनच रोपांच्या कितीतरी आधी सुरू करायचा. तयार व्हायला महिने जातात. साधारण दोन-तीन भाग सुका पालापाचोळा आणि एक भाग हिरवा ओला कचरा, ओल पिळलेल्या फडक्याइतकी. ढीग मीटरभर लांब, रुंद आणि उंच असला तर आतून चांगला तापतो, आणि ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिला तर तणाचं बरंचसं बी मरतं. वास सुटला तर सुका पाला घाला आणि ढीग उलथा. नुसताच पडून राहिला तर पाणी किंवा हिरवं कमी आहे.

आता हिरवळ. किती ठेवायची ते पायांवरून ठरवा: जिथे मुलं खेळतात, माणसं बसतात, तेवढीच. उरलेल्या जागेतलं गवत फवारून मारायची गरज नाही. चिकटपट्ट्या काढलेले साधे पुठ्ठे एकावर एक चढवून पसरा, भिजवा आणि वर पालापाचोळा किंवा लाकडाचा भुगा-ढलप्या टाका. काही महिन्यांत खालचं गवत कुजून जातं. ठेवलेल्या हिरवळीची उंची एका कापणीत तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कमी करू नका, आणि कापलेलं गवत तिथेच पडू द्या.

मग झाडांची यादी. पाण्याच्या गरजेप्रमाणे गट पाडा: तहानलेली नळाजवळ, काटक दूर. १९८१ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने कमी पाण्याच्या बागांसाठी ‘झेरिस्केप’ हे नाव काढलं, त्या पद्धतीतही या गटवारीला मोठं स्थान आहे. शक्य तितकी झाडं त्या-त्या भूभागातली मूळची असावीत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन परिसरातल्या घरांच्या अंगणांत झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की तिथल्या चिकडी (chickadee) या छोट्या पक्ष्याची संख्या टिकायला अंगणातली सुमारे ७० टक्के झाडी मूळची लागते. पिल्लांना भरवायच्या अळ्या परक्या झाडांवर फारशा सापडत नाहीत. घाणेरी आणि जलपर्णी या दोघीही शोभेच्या म्हणूनच दूरदेशी नेल्या गेल्या होत्या, हे विसरू नका. यादीतल्या प्रत्येक नावापुढे पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर लिहा आणि तेवढं वर्तुळ नकाशावर काढा. निम्मी नावं इथेच गळतील.

हत्यारं थोडकीच: कुदळ, फावडं, खुरपं, धारदार कात्री, झारी.

रोपवाटिकेत गेलात की दोन गोष्टी विचारा. मातीच्या मिश्रणात दलदलीतून काढलेलं पीट आहे का, आणि रोपांवर निओनिकोटिनॉइड गटाचं कीटकनाशक मारलंय का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तर बरं. ही कीटकनाशकं झाडाच्या रसात भिनतात, परागातही उतरतात. मधमाश्यांना धोका म्हणून युरोपीय संघाने त्यातल्या तिघांचा उघड्यावरचा वापर २०१८ मध्ये बंद केला. सर्वांत उंच रोप उचलू नका. हुंडीत, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात, मुळं गोल गोल फिरलेली नसलेलं, मध्यम उंचीचं रोप लवकर रुजतं.

खड्डा हुंडीच्या दोन-तीन पट रुंद, पण हुंडीपेक्षा खोल नको. खोड जिथे पसरून मुळं सुरू होतात तो भाग जमिनीच्या पातळीवर दिसत राहिला पाहिजे. मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन पाच ते दहा सेंटिमीटर जाड, खोडापासून चार बोटं दूर. खोडाला टेकवून रचलेला ढीग दिसायला नीटनेटका, पण साल कुजवतो.

मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला की लगेच फवारणी नको, दहा-बारा दिवस थांबा. मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) मागोमाग येतात, पण त्यांना खायला मावा उरला तर. फारच झाला तर पाण्याच्या धारेने धुऊन काढा. रात्रभर जळणारे बागेतले दिवे बंद ठेवा. पतंग त्यांच्याभोवतीच रात्र काढतात आणि फुलांकडे फिरकत नाहीत.

पहिल्या वर्षी मात्र पाण्याची कंजुषी करू नका. मूळच्या, काटक झाडांनाही रुजेपर्यंत पाणी लागतं. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-चार दिवसांआड खोलवर द्या, आणि देण्याआधी आच्छादन बाजूला सारून मातीत बोट घाला. दोन पेरांवर ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. हळूहळू अंतर वाढवत न्या. ठिबकच्या नळ्या पुरू नका, आच्छादनाखाली नुसत्या ठेवा. झुडपं दोन-तीन वर्षांत स्थिरावली की तिथल्या नळ्या काढून नव्या वाफ्याला लावता येतात.